रानातल्या तलावाकाठचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न

कनूने, म्हणजे वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद हलक्या होडीने, रानात मुक्कामाला जाण्यासंबंधी या वेळी तीन पत्रे आली आहेत. तिन्हींचा रोख तंबूसाठी जागा निवडण्यावर असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पहिले पत्र एका कुटुंबाच्या अनुभवातून आलेले आहे आणि तसा अनुभव पुष्कळांना येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे आणि आमची दोन मुले (वय ८ आणि ११) कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातील ॲल्गॉन्क्विन पार्कमध्ये प्रथमच कनूने दोन रात्रींच्या मुक्कामाला गेलो होतो. ‘कनू लेक’ नावाच्या तलावावरून निघून ‘जो लेक’ नावाच्या पुढच्या तलावावर पोहोचेपर्यंत संध्याकाळचे सात वाजले. बऱ्या दिसणाऱ्या सर्व जागांवर तंबू लागलेले होते. अखेर एका कोपऱ्यात जी जागा मिळाली तेथे चिखल होता, डास होते आणि रात्री पाऊस आल्यावर तंबूखाली पाणी साचले. मुले घाबरली. या वर्षी जुलैअखेरीस आम्हांला पुन्हा जायचे आहे. चांगली जागा कशी ओळखावी आणि ती आपल्याला मिळावी म्हणून काय करावे? (एक वाचक दांपत्य, मिसिसॉगा)

उत्तर : तुमच्या अडचणीचे मूळ ‘संध्याकाळचे सात’ या दोन शब्दांत आहे, असे मला वाटते. जागेची पारख महत्त्वाची आहेच आणि तिच्याकडे मी येतो. परंतु पारख करायची तर आधी समोर दोन-तीन रिकाम्या जागा हव्यात, आणि त्या फक्त लवकर येणाऱ्यालाच मिळतात.

ॲल्गॉन्क्विन हे १८९३ मध्ये स्थापन झालेले, साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठे राखीव रान आहे आणि त्यात दोन हजारांहून अधिक तलाव आहेत. आकडे ऐकून असे वाटते की कोठेही काठाला लागावे आणि तंबू ठोकावा. प्रत्यक्षात तशी मुभा नाही. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत. प्रत्येकीपाशी काठावरच्या झाडाला तंबूचे चित्र असलेली नारिंगी पाटी ठोकलेली असते आणि तंबू तेथेच लावावा लागतो. आतल्या रानाचा परवाना मात्र तलावाच्या नावाने मिळतो, ठरावीक जागेच्या नावाने मिळत नाही. त्या तलावावरची कोणती जागा कोणाची, हे पाण्यावर आल्यावरच ठरते, आणि जो आधी येईल त्याची ती होते. म्हणून मे महिन्यात घरी बसून नकाशावर हेरून ठेवलेली जागा जुलैत तुमची असेलच, असे नाही.

जुलैअखेरीस तेथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, आणि या लांब उजेडामुळेच नवखी माणसे फसतात. अजून चांगले दोन तास ऊन आहे, असे म्हणत ती निवांत वल्हवत राहतात. पण जागा भरतात त्या सूर्याकडे पाहून नव्हे. आदल्या रात्री मुक्कामाला असलेली मंडळी साधारणतः सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तंबू मोडून निघतात. त्यानंतरचे दोन-तीन तास तलावावर सर्वाधिक जागा रिकाम्या असतात, आणि तीनच्या पुढे त्या झपाट्याने भरू लागतात. तुम्ही दुपारी एकपर्यंत जो लेकवर असायला हवे. मिसिसॉगाहून पार्कच्या पश्चिम फाटकापर्यंत सुमारे तीन तास लागतात. पहाटे पाचला निघालात, तर परवाना घेऊन, सामान कनूत लावून दहाच्या आत पाण्यावर येता येते. कनू लेक वल्हवत पार करणे, मधल्या बंधाऱ्यापाशी कनू आणि सामान खांद्यावर घेऊन जवळपास ३०० मीटर चालणे आणि पुन्हा पाण्यात उतरणे, एवढे झाले की तुम्ही पोहोचलात. मुले बरोबर असताना सामानासाठी दोन खेपा होतात, हे गृहीत धरूनच वेळ मोजावा. दोन खेपा म्हणजे तीच वाट तीन वेळा चालणे. सुट्टी मिळत असेल तर शुक्रवारऐवजी सोमवारी किंवा मंगळवारी निघावे, कारण मधल्या वारी गर्दी निम्म्यावर आल्यासारखी वाटते.

लवकर पोहोचण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते सुरक्षिततेचे आहे. या तलावांवर सकाळी पाणी बहुधा शांत असते आणि दुपारी वारा वाढतो. सामानाने भरलेली, दोन मुले बसलेली कनू लाटांमध्ये काठाशी समांतर नेणे अवघड जाते, आणि जागा शोधण्यासाठी मात्र नेमके काठाकाठानेच जावे लागते. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात घातलेले असावे. कनूत नुसते पडलेले जॅकेट उपयोगाचे नाही.

आता पारख. पाण्यावरून जागा दिसली की लगेच काठाला लागू नये, पन्नासेक मीटरांवर थांबून पाहावे. काठ पाण्यापासून किती उंच आहे? माणसाच्या उंचीएवढा किंवा त्याहून थोडा जास्त उंच, खडकाचा आणि हळूहळू चढत जाणारा काठ मला सर्वांत पसंत आहे. झाडांच्या बुंध्यांमधून मागचा उजेड दिसतो का? दिसत असेल तर आत मोकळी, कोरडी जमीन असण्याचा संभव जास्त. बुंध्यांपर्यंत झुडपांची भिंत असेल तर आत ओल आणि डास असतात. काठाशी गवत, कमळाची पाने किंवा पाण्यात उभी राहिलेली वठलेली झाडे दिसली, तर ती पाणथळ जागा आहे असे समजून पुढे जावे. तुम्हांला मिळालेला कोपरा बहुधा असाच असावा. कनू कोठे लावता येईल, हेही येथूनच पाहावे. उतरता, सपाट खडक असेल तर मुले कोरड्या पायांनी उतरतात. निसरडे, शेवाळलेले धोंडे असतील तर सामान उतरवतानाच कोणाचा तरी पाय मुरगळतो.

जागा बरी वाटली की एकाने मुलांना घेऊन कनूपाशी थांबावे आणि दुसऱ्याने वर जाऊन दहा मिनिटे फिरून यावे. सामान उतरवण्याआधी ही फेरी झालीच पाहिजे. एकदा पिशव्या वर आल्या की माणूस जागेतले दोष पाहीनासा होतो. हे मी स्वतःच्या बाबतीत अनेकदा अनुभवले आहे.

वर गेल्यावर जमिनीकडे पाहण्याआधी मान वर करून झाडांकडे पाहावे. येथील जमीन म्हणजे कठीण खडकावर पसरलेला मातीचा पातळ थर. उंच पाइनची मुळे खोल न जाता आडवी पसरतात आणि जोराच्या वाऱ्यात अख्खे झाड मुळांच्या चकतीसकट उलटते. त्याहून मोठा धोका वठलेल्या झाडांचा आहे. साल सुटलेले खोड, खोडावर उगवलेल्या अळिंबीच्या पायऱ्या, सुतारपक्ष्याने पाडलेली भोके, पाने नसलेला शेंडा, दोन फांद्यांमध्ये अडकून लोंबणारी तुटकी फांदी : यांपैकी एकही खूण दिसली, तर त्या झाडाच्या उंचीइतक्या अंतरात तंबू लावू नये. बर्चच्या बाबतीत विशेष सांभाळावे. त्याची पांढरी साल शाबूत दिसते आणि आतले लाकूड मात्र भुसा झालेले असते. हाताने ढकलले तरी वरचा भाग कोसळू शकतो, म्हणून ढकलून पाहण्याच्या भरीस पडू नये. २१ मे २०२२ रोजी दक्षिण ऑंटारिओतून जे वादळ गेले त्यात झाडे पडूनच अनेकांचे प्राण गेले. त्या दिवसापासून माझ्या ओळखीची कितीतरी मंडळी तंबू लावण्याआधी वर पाहू लागली. चांगल्या दृश्याच्या जागेवर असे एखादे झाड असेल, तर ते दृश्य सोडून द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर जमीन. तुमच्या तंबूखाली पाणी का साचले, हे समजण्यासाठी एक खूण सांगतो. पाइनच्या झाडांखाली जमिनीवर सुयांसारख्या वाळक्या पानांचा थर असतो. सपाट, कोरड्या जागी त्या सुया कशाही, आडव्यातिडव्या पडलेल्या दिसतात. जेथे पावसाचे पाणी साचून नंतर जिरलेले असते तेथे मात्र त्या पाण्यावर तरंगून कडेला लागलेल्या असतात, आणि पाणी ओसरल्यावर त्यांची एक वेलांटीसारखी रेघ मागे राहते. रेघेच्या आतली माती उघडी, गुळगुळीत आणि किंचित काळसर असते. ती रेघ म्हणजे त्या डबक्याचा काठ. ही खूण मला पुस्तकातून समजलेली नाही. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये अशाच एका मऊ, गुळगुळीत चौकोनावर मी मोठ्या समाधानाने तंबू लावला होता. येथे आधी बऱ्याच जणांनी तंबू लावलेला दिसतो, तेव्हा जागा चांगलीच असणार, असा माझा हिशेब होता. पहाटे तीन वाजता पाठीखालची गादी पाण्यावर हलू लागली. उजाडल्यावर तंबू उचलला, तेव्हा सुयांची ती रेघ तंबूच्या चारही बाजूंनी अगदी नीट आखलेली दिसली. वर्षानुवर्षे तंबू लागून माती दबते, दबलेल्या मातीत पाणी जिरत नाही आणि वापरात असलेली जागाच हळूहळू खोलगट होते. म्हणून नुसती सपाट जागा शोधू नये. अगदी थोडा उतार असलेली जागा चांगली, आणि झोपताना डोके चढाच्या बाजूला करावे. जागा ठरली की तंबू लावण्याआधी सर्वांनी तेथे एकदा आडवे होऊन पाहावे. पाठीखालचे मूळ किंवा दगड दिवसा अर्ध्या मिनिटात कळतो आणि रात्री सहा तास छळतो.

खुंट्या आत जातील, असे धरून चालू नये. दोन-तीन इंच माती आणि खाली खडक, अशी स्थिती असते. स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा तंबू घ्यावा, आणि दोऱ्या जड दगडांना किंवा झाडांच्या बुंध्यांना बांधता याव्यात म्हणून पंधरा-वीस मीटर जादा दोरी ठेवावी. दगड वापरून झाले की जेथून उचलले तेथे परत ठेवावेत.

मुलांसाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, तंबू आणि पाणी यांच्यामध्ये कडा नाही ना; रात्री लघवीला उठलेले मूल झोपेत कोणत्या दिशेने चालेल, याचा विचार करून तंबूचे दार ठेवावे. दुसरी, शौचाची लाकडी पेटी. ती रानात आत, पायवाटेच्या टोकाला असते, तिला भिंती नसतात आणि छप्परही नसते. ही वाट दिवसाउजेडी मुलांना दोनदा चालवून दाखवावी. आठ वर्षांच्या मुलाला रात्री भीती वाटते ती बहुतेक वेळा या वाटेचीच.

जो लेकवरच्या सर्व जागा भरलेल्या दिसल्या तरी धीर सोडू नये. तलावावर जितक्या जागा असतात साधारण तितकेच परवाने दिले जातात, त्यामुळे एखादी जागा बहुधा शिल्लक असतेच. ती नजरेतून सुटलेली असते. पाटी फांद्यांआड गेलेली असते किंवा जागा खाडीच्या आत वळणावर असते. नकाशावर मोजून, काठाने एक पूर्ण फेरी मारावी. दुपारी दोननंतर मात्र उत्तम जागेचा हट्ट सोडून पहिली कोरडी, वठलेल्या झाडांपासून दूर असलेली जागा धरावी. पुढच्या वळणावर याहून चांगली असेल, या आशेने संध्याकाळ होते.

प्रश्न : आम्ही सहा मित्र जूनच्या मध्यावर बाउंडरी वॉटर्समध्ये, म्हणजे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या, कॅनडाच्या सीमेलगतच्या तलावांच्या राखीव रानात, सहा दिवसांसाठी जाणार आहोत. सर्वांना सह्याद्रीत भटकण्याचा अनुभव आहे, पण पाण्यावरचा नाही. काहीजण म्हणतात की आडोशाची जागा पाहावी, काहीजण म्हणतात की वाऱ्यावरची. दोन्ही सल्ले अनुभवी माणसांचे आहेत. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, मिनीॲपोलिस)

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, त्यांनी महिना सांगितलेला नाही, एवढेच. जूनच्या मध्यावर त्या भागात काळ्या चावऱ्या माश्या अजून असतात आणि डासांचा भर सुरू झालेला असतो. या दोहोंना वारा सोसत नाही. त्यामुळे तुम्ही तलावात शिरलेल्या खडकाळ टोकावरची, पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येणारा वारा थेट लागेल अशी जागा पाहावी. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात शेजारच्या आडोशाच्या खाडीत बसवत नाही आणि त्याच वेळी टोकावर जेवण निवांत होते. अंतर कधी कधी जेमतेम दोनशे मीटरांचे असते. सप्टेंबरच्या अखेरीस हाच हिशेब उलटा होतो. तेव्हा डास नसतात आणि रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या जवळ येते. मग झाडांचा आडोसा आणि पूर्वेकडे उघडी असलेली, सकाळचे पहिले ऊन तंबूवर घेणारी जागा मोलाची ठरते.

वाऱ्यावरच्या टोकाचा एक दोष लक्षात ठेवावा. वीज कडाडू लागली की उघड्या टोकावरच्या एकट्या उंच पाइनखाली थांबणे धोक्याचे असते. म्हणून स्वयंपाक आणि बसणे टोकावर ठेवावे आणि तंबू मात्र थोडे मागे, सारख्या उंचीच्या झाडांमध्ये लावावेत. बहुतेक जुन्या जागांची रचना अशीच असते, शेकोटी पुढे आणि तंबूचे चौथरे मागे.

बाउंडरी वॉटर्सची रीत ॲल्गॉन्क्विनहून निराळी आहे, हे तुमच्या उपयोगाचे आहे. सुमारे ११ लाख एकरांच्या या रानात ठरलेल्या अशा जवळपास दोन हजार जागा आहेत. प्रत्येकीवर लोखंडी जाळीची चूल आणि मागे रानात शौचाची सोय असते. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात परवान्यांची संख्या मर्यादित असते आणि परवाना मिळतो तो कोणत्या दिवशी, कोणत्या वाटेने आत शिरणार यासाठी. त्यानंतर कोणत्या रात्री कोणत्या तलावावर राहायचे, हे तुमचे तुम्ही ठरवता. हे स्वातंत्र्य सुखाचे आहे, परंतु त्यामुळे अमुक तलावावर तुमच्यासाठी एक जागा राखलेली आहे, अशी खात्री तेथे नसते. प्रवेशाच्या जवळचे तलाव लवकर भरतात. पहिल्या दिवशी शक्यतो एक-दोन खांदेवाहतुका पार करून, म्हणजे कनू आणि सामान खांद्यावरून पुढच्या तलावावर नेऊन, मग जागा शोधावी. प्रत्येक खांदेवाहतुकीमागे गर्दी ओसरत जाते. खांदेवाहतुकीच्या अगदी तोंडाशी असलेली जागा सोयीची दिसते, पण दिवसभर येणारेजाणारे तुमच्या अंगणातून जात राहतात. नऊ माणसे आणि चार होड्या ही एका गटाची कमाल मर्यादा आहे. तुम्ही सहाजण तीन कनूंत बसाल, तेव्हा ती अडचण नाही. अडचण तंबूंची आहे. कित्येक जागांवर दोनच तंबू नीट मावतात. तीन जणांचे दोन तंबू घेतलेत, तर तुम्हांला निवडीला वाव राहील. दोन जणांचे तीन घेतलेत, तर बऱ्याच चांगल्या जागा सोडून पुढे जावे लागेल.

सह्याद्रीतल्या सवयींबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. किल्ल्यावर मुक्कामाची जागा बहुतेक वेळा ठरलेली असते : गुहा, टाक्याजवळचा कट्टा, गावातले मारुतीचे देऊळ. आपण उशिरा, अंधारात विजेरीच्या उजेडात पोहोचलो, तरी ती जागा आपल्या जागी असते, आणि नसलीच तर पायथ्याच्या गावात कोणीतरी ओसरी देते. त्यामुळे ‘पोहोचू की, रात्र झाली तरी हरकत नाही’ ही वृत्ती अंगात मुरते. पाण्यावर ही वृत्ती घातक ठरते. तेथे गाव नाही, ओसरी नाही, आणि अंधारात वाऱ्यावर कनू उलटली तर जूनमधल्या थंड पाण्यात हातपाय काही मिनिटांतच काम देईनासे होतात. अंधार पडताना जागा मिळालेलीच नसेल, वादळ समोर दिसत असेल किंवा कोणी आजारी पडले असेल, तर जवळच्या सुरक्षित काठाला लागून रात्र काढावी, चूल पेटवू नये आणि सकाळी मागे खूण न ठेवता निघावे. नियम मोडण्याची ही वेळ आणीबाणीचीच असावी. उशिरा निघालो म्हणून ती येऊ देऊ नये.

वठलेल्या झाडांविषयी वरच्या उत्तरात जे लिहिले आहे ते तुम्हांलाही लागू आहे. ४ जुलै १९९९ रोजी याच रानावरून गेलेल्या वादळाने लाखो एकरांवरची झाडे आडवी केली होती.

तुमचा हात बसला की पुढच्या एखाद्या वर्षी सीमेपलीकडे, ऑंटारिओतल्या क्वेटिको पार्कमध्ये जावे. तेथे मुक्कामाच्या जागांवर पाट्या नाहीत, ठोकलेल्या पेट्या नाहीत, चुलीची जाळी नाही. पूर्वी कोणीतरी वापरलेली जागा काठावरच्या खडकाच्या रंगावरून आणि झाडांमधल्या फटीवरून स्वतः ओळखावी लागते. पाटी नसताना अशी जागा पहिल्यांदा सापडते, तेव्हाचा आनंद मी अजून विसरलेलो नाही. मात्र पहिल्याच सफरीला तेथे जाऊ नये.

प्रश्न : माझा मुलगा टोरांटोला असतो. तो आणि त्याचे मित्र ऑगस्टमध्ये तीन दिवस कनूने रानात जाणार आहेत. अस्वलांची भीती नको म्हणून बेटावरच तंबू लावा, असे मी त्याला सांगितले आहे. हे योग्य आहे ना? बरोबर न्यायला लोणच्याची बाटली आणि तुपाचा डबा देणार आहे. (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : ताई, तुमची काळजी समजते आणि तिला पोकळ धीर देणे मला योग्य वाटत नाही. बेटामुळे अस्वलापासून संरक्षण मिळत नाही. तेथील काळे अस्वल उत्तम पोहते. ऑक्टोबर १९९१ मध्ये ॲल्गॉन्क्विनमधल्या ओपिओंगो तलावातल्या बेट्स आयलंड या बेटावरच एका काळ्या अस्वलाने मुक्कामाला आलेल्या दोघांचा जीव घेतला होता. अशी घटना अतिशय विरळा आहे. दरवर्षी हजारो माणसे त्या रानात राहून सुखरूप परत येतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना अस्वल दिसतही नाही. बेटावरची जागा मिळाली तर घ्यावी. वारा छान लागतो आणि डास कमी असतात. पण तेथे दर रात्री अन्न तसेच सांभाळावे, जसे काठावर सांभाळले असते.

अस्वल येते ते अन्नाच्या वासाने. त्यामुळे जागा निवडताना मुलाने एक झाड आवर्जून शोधावे : जाड, जिवंत आडवी फांदी असलेले आणि तंबूपासून निदान पन्नास-साठ पावले दूर असलेले. अन्नाची पिशवी दोरीने जमिनीपासून किमान चार मीटर उंच आणि खोडापासून दोन-तीन मीटर दूर लोंबत राहिली पाहिजे. हे झाड उजेडातच निवडून त्यावरून दोरी टाकून ठेवावी. अंधारात, जेवण झाल्यावर, विजेरी तोंडात धरून दोरी फेकणाऱ्यांची दोरी फांदीवर जात नाही आणि शेवटी पिशवी तंबूशेजारच्या झाडाला टांगली जाते. टूथपेस्ट, साबण, मुखवास हेसुद्धा त्याच पिशवीत. तंबूत खाण्याचा कणही नेऊ नये, आणि स्वयंपाक करताना घातलेला सदरा झोपताना अंगात असू नये. आपल्याकडच्या हिंग-लसणाच्या फोडणीचा वास किती दूर जातो, हे तुम्हांला मी सांगायला नको. फोडणीच करायची असेल तर ती वाऱ्याच्या दिशेचा विचार करून, तंबूपासून दूर करावी. मी स्वतः रानात नेण्याचे मेतकूट, भाजलेले पोहे आणि मुगाची खिचडी यांचा कोरडा मसाला घरीच तयार करून नेतो, म्हणजे तेथे नुसते पाणी उकळावे लागते.

अस्वल दिसलेच तर पळू नये. सर्वांनी एकत्र उभे राहावे, मोठ्याने बोलावे, भांडी वाजवावीत आणि त्याला निघून जायला वाट ठेवून सावकाश मागे सरकावे.

आता शिदोरीबद्दल. ॲल्गॉन्क्विनच्या आतल्या रानात काचेच्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे, म्हणजे अन्नाचे जे वेष्टन जळत नाही आणि वापरून फेकून द्यायचे असते ते, नेण्यास मनाई आहे. तुमची लोणच्याची बाटली आणि तुपाचा डबा फाटकापर्यंतच जाईल. पुन्हापुन्हा वापरायच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या प्लास्टिकच्या लहान डब्यांत लोणचे आणि तूप भरून द्यावे, आणि तो डबा आणखी एका पिशवीत घालावा, कारण उन्हात तूप वितळते आणि झाकणातून पाझरले की साऱ्या सामानाला त्याचा वास लागतो. लोणचे शक्यतो कोरडे द्यावे, लिंबाचे किंवा आवळ्याचे. तीन दिवसांसाठी प्रत्येकी दोन-तीन चमचे पुरतील.

आणखी एक. मुलगा कनू लेकवरून निघणार असेल, तर त्याला हेहर्स्ट पॉइंट नावाच्या टोकापाशी थांबायला सांगावे. कॅनडाचे प्रसिद्ध चित्रकार टॉम थॉमसन यांचा १९१७ मध्ये याच तलावावर मृत्यू झाला, आणि १९३० मध्ये त्यांच्या मित्रांनी त्यांच्या आवडत्या मुक्कामाच्या जागेजवळ दगडांचे एक स्मारक उभारले. जागा पाण्यापासून उंच आहे, वारा लागतो, आणि समोर सारा तलाव दिसतो. रानात वर्षे काढलेल्या माणसाने कोणती जागा पसंत केली होती, हे मुलाला तेथे उभे राहून दहा मिनिटांत समजेल.